कामकाजातून वगळलेलं

सभागृहातल्या लघुलेखिकेला फक्त कान आणि हात असायचे. तोंड दाराबाहेर ठेवून यायचं. दहा मिनिटं खाली बसून सदस्यांचा शब्दन् शब्द टिपायचा, मग वर जाऊन तो टंकायचा, की तासाभराने पुन्हा खाली. अधिवेशनात रजा नाही, मग घराला आग का लागेना!

तिला अठरावा आठवडा होता. बाळाची कवटीच बनली नव्हती. जन्मलं तरी घटकाभराचं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगून उद्या सकाळची वेळ दिली होती. आणि आजच हे विधेयक आलं होतं. बारा आठवड्यांनंतर गर्भपात नाही, कारण कोणतंही असो. मंजूर झालं की मध्यरात्रीपासून लागू. इकडे आड, तिकडे विहीर, मधे तिचं टेबल.

एक म्हातारे सदस्य उठले. "ज्याला बोलता येत नाही, त्याच्यासाठी कोणीतरी बोलायला हवं," म्हणताना त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. ते नाटक नव्हतं. कालपासून बाळाची हालचाल कळायला लागली होती, आणि तिचा त्याच्यावर जीव जडला होता.

समोरच्या बाकावरून एक बाई कडाडल्या, "अहो, पण त्या आईला कोणी विचारलंय का?"

तिचा हात लिहीतच राहिला.

वर कामकाजाची नोंद तपासणारे मुख्य संपादक तिचं टंकलेलं पान घेऊन आले. पाठीमागे सगळे त्यांना 'कानामात्रा' म्हणत.

"हे कोणत्या सदस्याचं?" त्यांनी वाचून दाखवलं, "'नाही विचारलं. मला ते हवं होतं. ते जगणार नाही. उद्या नऊची वेळ आहे.'"

टंकताना अर्थाकडे बघायचं नाही, ही तिची वीस वर्षांची सवय. आपण काय लिहिलंय ते तिला आत्ता कळलं. मग म्हणाली, "कोणाचंच नाही, साहेब."

त्यांची नजर तिच्या पोटावर गेली आणि खाली वळली.

"पोरी, सदस्य नसलेल्याचं बोलणं नोंदीत राहत नाही गं."

"मी कुठे ठेवा म्हणतेय?"

त्यांनी पट्टी लावून ओळी खोडल्या. "घरी जा तू. तुझ्या जागी मी बसतो."

"घरी जाऊन काय करू? मध्यरात्र तिथेही होणारच."

ती खाली गेली. मतदान झालं. अध्यक्ष म्हणाले, "होकाराचं बहुमत. विधेयक संमत."

तिने ते उतरवून घेतलं, एकही चूक न करता.