हात तोच की!

एकोणीस वर्षं झाली, या लॉंड्रीत रोज सकाळी तेच नाटक. कपडे पिळायचं मोठं मशीन थोडं रिकामं फिरवायचं, त्याच्या कडेवर मी तळहात ठेवायचा आणि सुपरवायझरने विचारायचं, "बरं आहे ना, मावशी?" मी म्हणते, "बरं आहे." तो रजिस्टरात 'मशीन तपासले' लिहितो, सही ठोकतो आणि चहाला पळतो. तुम्हाला कसं कळलं, असं त्याने आजवर एकदाही विचारलं नाही.

त्या सोमवारी हाताला मशीनची भलतीच थरथर लागली.

"बरं नाही. ड्रमचं बेअरिंग गेलंय. माल भरू नका."

"तुम्हाला कसं माहीत?"

"हाताला कळतंय."

"मावशी, हा झाला अंदाज. माहीत असणं वेगळं. तुम्ही काय इंजिनिअर आहात?" वर हसला मेला. "हॉस्पिटलच्या चादरी दुपारी जायच्यात. भरा!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या मशीनला चिकटून माझी धाकटी बहीण उभी असते. ड्रम निखळला तर पहिली तीच चिरडणार. आणि 'बरं आहे' म्हणताना माझा हात शहाणा, 'बरं नाही' म्हणताना अडाणी? हात तोच की!

बहीण बिचारी घाबरून चादरी भरायलाही लागली. "ताई, जाऊ दे ना, नोकरी जाईल." शेवटची चादर आत गेली तसं मी तिला दंडाला धरून मागे ओढलं.

"साहेब, मशीन चांगलं आहे हे तुम्हाला माहीत आहे ना?"

"माहीत आहे म्हणजे आहेच!"

"मग तिच्या जागी तुम्ही उभे राहा. बटण मी दाबते."

तो तावातावाने दोन पावलं आला. माझं बोट बटणावर दिसलं आणि थबकला. घसा खाकरून म्हणाला, "तसं... खात्रीने कोण सांगणार? मेकॅनिकला बोलावतो."

बेअरिंगचा चुरा निघाला. रजिस्टरात मात्र लिहिलं गेलं, 'नियमित तपासणीत सुपरवायझरच्या लक्षात आले.' ते वाचून मला पानच फाडावंसं वाटलं.

दुरुस्तीनंतर पहिल्याच सकाळी तो पेन उघडून हजर. "बरं आहे ना, मावशी?"

मी बहिणीला मागेच थांबवलं आणि दोन्ही हात ॲप्रनच्या खिशात घातले.

"माझा आपला अंदाज, साहेब. तुम्ही हात लावून बघा."

त्याने मशीनवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. दुसऱ्या हातातलं पेन तसंच उघडं राहिलं, कारण काय लिहायचं ते त्याला कळेना.