उंटापुढचं प्यादं

झरीचे किशनराव आणि जिंतूरचे माणिकराव टपालानं बुद्धिबळ खेळायचे. माणिकराव म्हणजे किशनरावांचे व्याही, तहशिलीत पेशकार. किशनरावांची लेक बायना त्यांच्या घरात दिलेली. निजामाच्या टपालाच्या कार्डावर आधी खुशाली लिहायची आणि खाली चाल, असं दोघांचं ठरलेलं.

या खेपेला किशनरावांनी राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं. उत्तर आलं, 'वजिराच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं. या सुरुवातीला सिसिलियन म्हणतात. इंग्रजी किताबात आहे.'

किशनराव बसल्या जागचे उठलेच. झरीत राजा, वजीर आणि हत्ती यांच्याच प्याद्यांना दोन घरांची मुभा. उंटाच्या प्याद्यानं एकच घर चालायचं, हा त्यांच्या आज्यापासूनचा कायदा.

"इवायानं दगा केला," ते बायकोला म्हणाले. "सिसिलियन म्हणं! कुठलं गाव हाय ते?"

"आसंल जिंतुराच्या पल्याड," झुंबरबाई म्हणाल्या. "पोरगी कशी हाय, ते वाचा की."

पोरगी बाळंतपणाला यायलीय, हे वरच लिहिलं होतं. पण किशनरावांची नजर प्याद्यापाशीच अडकलेली. बायना गाडीतून उतरली तेव्हा तेच सगळ्यांत जास्त चकित झाले.

तोवर टपाल पेटलं होतं. 'प्यादं मागं घ्या.' 'किताब वाचा.' 'आमच्याकडं किताब न्हाई, कायदा हाय.'

बायनाला मुलगा झाला. बारशाला माणिकराव काखेत किताब मारून आले आणि व्याह्यांकडं पाठ करून बसले. झुंबरबाईंनी पट आणून दोघांच्या मधे मांडला.

"घ्या, काय ते मिटवा. बारशात फुगलेली तोंडं मला चालायची न्हाईत."

किशनराव घसा खाकरत म्हणाले, "पाव्हणं हायती म्हणून दोन घरं चाला. पर ही पाव्हणचाराची चाल हाय, कायद्याची न्हाई."

"मंजूर," माणिकराव म्हणाले.

डाव रंगला. आतून बायकांनी दोनदा हाका मारल्या. दोघंही "आलोच" म्हणाले आणि हलले नाहीत. किशनरावांच्या घोड्यानं व्याह्यांचा वजीर कोंडला होता, तेवढ्यात झुंबरबाई घुगऱ्या घेऊन आल्या.

"आधी नाव तर ठिवा," किशनराव म्हणाले.

"ठिवलं की. आश्रुबा."

दोघा आजोबांनी एकमेकांकडं पाहिलं. दोघांनीही आपापल्या वडलांचं नाव मनात धरलं होतं, भांडायची तयारीही करून ठेवली होती.

"कुणी ठिवलं?"

"आत्यानं. तुमची वाट किती बघावं?"

"बरं हाय नाव," किशनराव पडेल आवाजात म्हणाले.

"बरं आहे," माणिकराव म्हणाले आणि तेवढ्यात त्यांनी झालेली चाल फिरवून वजीर गुपचूप एक घर मागं घेतला.

किशनरावांनी ते पाहिलं. मग ओसरीवर असा गिल्ला झाला की पाळण्यातला आश्रुबा टाहो फोडून रडायला लागला.