गादीच्या दुकानाचा पार्टनर

पंचफुला गेली त्या दिवशी मोतीराम चांदूर बाजारला साडूच्या घरी होता. साडूच्या पोरीला लग्नात द्यायच्या गाद्या त्याने स्वतःच्या हाताने भरल्या होत्या. त्या उतरवून तो चहा पीत बसला, तेवढ्यात अकोल्याहून शेजारच्या माणिकबाईंचा फोन आला.

"मोतीराम भाऊ, पंचफुला गेली."

"कुठी गेली?" मोतीराम म्हणाला. "किल्ली तुमच्यापाशी ठेवली काय?"

माणिकबाई एकदम मोठ्याने रडायला लागल्या. मोतीरामने त्यांची समजूत घातली. "अवो, रडता काहून? येईन ना ते संध्याकाळलोक. जाऊन जाऊन जाईन कुठी?"

शेवटी साडूने त्याच्या हातातून फोन घेतला, ऐकला आणि त्याला खाली बसवलं.

ही गोष्ट पुढे मोतीरामने स्वतःच चारचौघांत सांगितली. ऐकणाऱ्याला हसावं की रडावं कळायचं नाही. त्यालाही कळत नव्हतं. पण माणूसच तसा होता. कानावर शब्द पडला की त्याचा सरळ अर्थ घ्यायचा. तो उलटून पाहायचं काम पंचफुलाकडे होतं. कोणता पाहुणा खुर्चीवर बसेल, कोणाला सतरंजी चालेल, कोणाला अहो म्हणायचं आणि कोणाला अरे, कोण कुठे झोपेल, हे सगळं ती ठरवायची. मोतीराम फक्त गाद्या पुरवायचा. त्याचं डाबकी रोडला रुई पिंजून गाद्या भरायचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागच्या दोन खोल्या म्हणजे घर.

पोरगी ज्योत्स्ना पुण्याला नोकरीला. आईचं पुण्यानुमोदन, म्हणजे दिवसकार्य, झालं आणि तेव्हापासून ती घरी राहिली नव्हती. यायची, नाही असं नाही. सकाळच्या गाडीने यायची, भांडे घासायची, दोन भाज्या करून ठेवायची, आणि दिवस कलला की बॅग उचलायची. "ऑफिस हाय, बाबा." दुसऱ्या दिवशी रविवार असला तरी ऑफिस. मोतीराम दर वेळी तिची गादी घालून ठेवायचा आणि ती गेली की गुंडाळून टाकायचा. एकदा तरी या पोरीने इथं मुक्काम करावा, एवढंच त्याला हवं होतं. तोंडाने मात्र तो म्हणायचा, "हो, हो, ऑफिस महत्त्वाचं."

म्हणून हिवाळ्यात तिचा फोन आला तेव्हा त्याचा कानावर विश्वास बसेना.

"बाबा, शनवारी येऊन राहिली मी. माझ्या पार्टनरले घेऊन येते. राहू आमी, सोमवारी निघू."

"राहू" एवढाच शब्द मोतीरामने धरला. "ये ना! खुशाल आन पार्टनरले. प्रणालीच काय?"

प्रणाली ही ज्योत्स्नाची जुनी रूम पार्टनर. पंचफुला होती तेव्हा एकदा येऊन गेली होती आणि पाटवडीचा रस्सा ताट उचलून प्याली होती. तेव्हापासून मोतीरामच्या डोक्यात पार्टनर म्हणजे पुण्यात पोरीसोबत खोलीत राहणारी दुसरी पोरगी.

"नाही बाबा. प्रणालीचं लग्न झालं. आता दुसरं कोनी हाय."

"तिखट चालते ना?"

"माझ्यापरीस जास्त लागते."

आपल्या भाषेत एरवी एका क्रियापदात बाई की बाप्या ते उघडं पडते. पण "माझ्या पार्टनरले" म्हटलं की काही कळत नाही. "दुसरं कोनी" म्हटलं तरी कळत नाही. ज्योत्स्नाने त्या फोनवर एक शब्द असा वापरला नाही की ज्यातून काही कळेल. मोतीरामला त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

तो तयारीला लागला. न्हाणीच्या दाराला नवी कडी बसवली. भिंतीवर मोठा आरसा लावला. दोघी पोरींना ऐसपैस होईल अशी एक रुंद गादी भरली आणि तिला गुलाबी खोळ शिवली. पाहुणीला जाताना द्यायला ड्रेसचं कापड घेतलं, तेही माणिकबाईंच्या पसंतीने. आणि सगळ्यात शहाणपणाचं काम म्हणजे त्याने माणिकबाईंनाच मुक्कामाला बोलावलं.

"घरात बाईमानूस नाही. परकी पोरगी लाजन. तुमी पोरीइच्या संग झोपजा."

"बराबर हाय, भाऊ," माणिकबाई म्हणाल्या. "पंचफुला असती तर हेच म्हनली असती."

मोतीरामची छाती फुगली.

शनिवारी सकाळी दारात ऑटो थांबला. ज्योत्स्ना उतरली. तिच्यामागून एक उंच, दाढीवाला पोरगा दोन्ही बॅगा घेऊन उतरला.

"बॅगा आत ठेव, भाऊ," मोतीरामने त्याला सांगितलं आणि ऑटोत डोकावला. आत कोणी नव्हतं. "पार्टनर कुठी हाय?"

"बाबा, हा सोहम."

"हो, पन पार्टनर?"

"हाच."

पोराने बॅगा खाली ठेवून, ज्योत्स्नाने शिकवून आणल्यासारखे हात जोडले. "जयभीम, काका."

"जयभीम," मोतीरामच्या तोंडून निघून गेलं. मग त्याला समजलं की आपण उत्तर देऊन बसलो. ऑटोवाला पैशासाठी थांबला होता, आणि आता पैसे मिळाले तरी थांबेल असं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मोतीरामने पोरीला आत ओढलं. "काय वं हे? म्या म्हनलं, पोरगी येऊन राहिली!"

"म्या कुठी पोरगी म्हनलं?"

"पोरगा बी नाही म्हनलं!"

"तुमी इचारलंच नाही. तिखट चालते काय तेवढं इचारलं."

मोतीराम तसाच मागे फिरला. बाहेर येऊन त्याने पोराकडे पाहिलं. "गाव कोनतं?"

"अमरावती, काका. बाबा वकील आहेत. हरिहरराव."

"वरून अमरावती," मोतीराम भिंतीकडे पाहून म्हणाला. अमरावतीशी जुनी चढाओढ असलेल्या अकोल्याच्या माणसाला याहून जास्त बोलायची गरज नसते.

आता खरी पंचाईत पुढे होती. पाणी तर द्यावं लागेल. पण याला अहो म्हणायचं की अरे? अहो म्हणावं तर जावई करून टाकल्यासारखं होते. अरे म्हणावं तर घरचा करून टाकल्यासारखं. मोतीरामने बराच विचार केला आणि म्हणाला, "पानी पिनं होईन काय?"

"हो, काका."

"चहा चालते का, दूध लागते?"

"चहा चालते."

"बसनं खुर्चीवर होईन, का खाली बरं वाटते?"

ज्योत्स्नाने तोंडाला ओढणी लावली. ही हातचलाखी तिच्या ओळखीची होती. तिने फोनवर तीच केली होती.

तेवढ्यात माणिकबाई काखेत वळकटी घेऊन दारात उभ्या राहिल्या. त्या संध्याकाळी यायच्या होत्या, पण त्यांना धीर निघाला नव्हता.

"कुठी हाय आपली पाहुनी?" त्यांची नजर दाढीवर थांबली. "हे कोन?"

"पार्टनर," मोतीराम म्हणाला. खरं तेच निघून गेलं. ज्योत्स्नाने डोळे मिटले. माणिकबाईंची वळकटी काखेतून अर्धी खाली आली. मोतीरामला घाम फुटला आणि त्या घामातच त्याला सुचलं. "दुकानातला. धंद्याचा पार्टनर. मले आता एकट्यानं होत नाही, माणिकबाई."

"आन ते पोरगी?"

"तिले सुटी नाही भेटली."

माणिकबाईंनी सोहमला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. "तुमी पार्टनर काय? मंग बरं झालं. तुमच्याइथूनच भरलेली माही गादी हाय. उजव्या अंगाले गाठीच गाठी. एका कुशीवर झोपू झोपू माहा खांदा गेला. थांबा, आनते."

आणि त्या खरंच गादी घेऊन आल्या.

पुण्यात कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या सोहमला त्या दिवशी गादी उसवावी लागली. माणिकबाई दुकानाच्या पायरीवर बसून राहिल्या, त्यामुळे सुटका नव्हती. मोतीराम त्याच्या कानाशी लागून सांगायचा आणि सोहम मोठ्याने तेच म्हणायचा.

"रुई दबली आहे, मावशी. पिंजून घ्यावी लागेल."

"ते मले बी दिसते. कवा देता?"

"आजच," सोहम म्हणाला. मोतीरामने कपाळाला हात लावला. असा शब्द गिऱ्हाइकाला द्यायचा नसतो, हे सांगायचं राहून गेलं होतं.

मग सोहमने पिंजायच्या मशीनमध्ये रुईचा भला मोठा गठ्ठा एकदम कोंबला. मशीन कण्हली, थांबली, आणि मग आतली सगळी रुई तिने त्याच्या तोंडावर फेकली. धूळ खाली बसली तेव्हा दाढी, भुवया, डोकं सगळं पांढरं.

"माय वं!" माणिकबाई म्हणाल्या. "सकायी तर जवान होते!"

ज्योत्स्ना हसली. दाराच्या चौकटीला धरून, पोट दाबून, खाली बसून हसली. पंचफुला गेल्यापासून या घरात असं कोणी हसलं नव्हतं. मोतीराम मशीन पुसायचं सोडून पोरीकडेच पाहत राहिला.

पण दुपारी जेवणं झाल्यावर तो आत गेला तर ती बॅग भरत होती.

"आमी संध्याकाळच्या गाडीनं निघतो, बाबा."

"ऑफिस?"

"ऑफिस नाही. तुमाले अवघड होऊन राहिलं. माझ्यापायी माणिकबाईशी खोटं बोलले. रात्री तो कुठी झोपन, मी कुठी झोपीन, हेच तुमच्या डोक्यात सकाळपासून फिरून राहिलं. मले दिसते ना." तिने बॅगेची चेन ओढली. "आईनं काहीतरी केलं असतं. तिले जमत होतं."

मोतीराम बाजेवर बसला. पंचफुलाने काय केलं असतं ते त्याला सुचेना. ती काय करेल हे तिच्या हयातीतही त्याला आधी कधी सुचलं नव्हतं. त्याला फक्त सरळ अर्थ घेता येत होता. म्हणून त्याने तोच घेतला.

"दुकानाचा पार्टनर हाय ना थो? मंग दुकानात झोपन. तू आन माणिकबाई इथी, रुंद गादीवर."

"बाबा! पाहुन्याले दुकानात?"

"पाहुना कशाचा? पार्टनर म्हनजे अर्धा मालक. अर्ध्या दुकानात थो झोपन, अर्ध्यात मी."

सोहम दारात येऊन उभा होता. कानात अजून रुई होती. "काका, मला चालते. आमच्याकडे तर यापेक्षा वाईट झालं होतं. हिला घरी नेलं तेव्हा मी आईला सांगितलं, ऑफिसातल्या मॅडम आहेत. आईनं मॅडमना देवघरात आजीजवळ झोपवलं. पहाटे पहाटे बाबांनी हिच्या डोक्याशीच घंटा वाजवली."

"म्या उठून प्रेझेंट म्हनलं होतं," ज्योत्स्ना म्हणाली.

मोतीराम हसला, मग एकदम थांबला. "म्हनजे तुह्या घरी बी मालूम नाही?"

"तुह्या" हा शब्द तिघांनीही ऐकला. पोरगा अरे-तुरेत आला होता. मोतीरामला शब्द परत घ्यायचा होता, पण कसा घ्यायचा ते कळेना. तो उठून दुकानात गेला आणि एकावर एक गाद्या रचायला लागला. थोड्या वेळाने आतून आवाज आला. ज्योत्स्ना कपाट उघडून कपडे त्यात ठेवत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी माणिकबाई सगळ्यात आधी उठल्या होत्या. ज्योत्स्ना ऊन अंगणात येईपर्यंत झोपली होती. "बाबा, माणिकबाई घोरते," ती चहा घेताना हळूच म्हणाली. "आन घोराच्या आधी आईच्या गोष्टी सांगते. आईनं तुमचं पहिलं दुकान झाडून पुसून तुमालेच बाहेर काढलं होतं म्हने."

"खोटं हाय ते," मोतीराम म्हणाला. खरं होतं.

रविवारी सोहमने माणिकबाईंच्या गादीला टाके घातले. टाके बैलाच्या चालीसारखे वाकडे गेले होते. पण उजव्या अंगाची गाठ गेली आणि डाव्या अंगाला आली. माणिकबाईंनी गादी दाबून पाहिली, पोराकडे पाहिलं, मग मोतीरामला बाजूला घेतलं.

"पार्टनर बरा हाय, भाऊ. हातानं कच्चा हाय, पन सोडू नका. फकत ध्यान ठेवा. धंद्याच्या पार्टनरनं रुईकडे पाहावं. हा माणूस सारखा आपल्या ज्योत्स्नाकडे पाह्यते."

"ठेवतो ध्यान," मोतीराम म्हणाला. माणिकबाईंच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. फक्त जाताना त्यांनी ड्रेसचं कापड उचललं. "ते पाहुनी तर आली नाही. मंग हे मीच नेते. रंग माह्याच पसंतीचा हाय."

सोमवारी स्टेशनवर गाडी यायला उशीर होता. ज्योत्स्ना म्हणाली, "पुढच्या महिन्यात आमी येतो, बाबा. राहाले." हे तिने आपणहून म्हटलं. मोतीरामने मान हलवली. जास्त आनंद दाखवला तर ती बेत बदलेल अशी त्याला भीती होती.

सोहम म्हणाला, "काका, आमच्या घरी तुम्हीच आधी बोललात तर बरं होईल. मी बोललो तर बाबा वकिली सुरू करतील."

"आन म्या काय म्हनून जाऊ तिथी? गादीच्या दुकानाचा पार्टनर भेटला, आता त्याचे मायबाप पाहाले आलो म्हनून?"

"तसंच म्हणा."

"पाह्यतो," मोतीराम म्हणाला. "जातो."

गाडी आली, दोघं बसले, गाडी गेली. मोतीराम घरी आला. रुंद गादी त्याने गुंडाळली नाही, तशीच घातलेली ठेवली. माणिकबाईंच्या गादीची डावी गाठ त्याने स्वतः काढून दिली. अमरावतीला जाऊन हरिहररावांशी बोलायचं अजून राहिलं आहे.