दगडाची सुट्टी

पट्ट्यानं बाही नेली ती भर दुपारी, गिरणीत बायकांची दाटी असताना. दळता दळता गिरणीवाल्याचा उभ्या उभ्याच डोळा लागला आणि हात पट्ट्याकडे गेला. शर्टाची शिवण कच्ची होती म्हणून नुसती बाही फाटून आत ओढली गेली. पक्की असती तर हात गेला असता. बायकोनं धावत जाऊन खटका पाडला. गिरणी थांबली तशी रांगेतली म्हातारी म्हणाली, "माझं अर्धंच झालंय हं."

त्याचं खांद्याजवळ जरासं सोलपटलं होतं. त्यानं फाटका शर्ट काढून कोपऱ्यात टाकला आणि बनियनवरच म्हातारीचं दळण पुरं करून दिलं.

सुगी नुकतीच झाली होती. रानं मोकळी पडली होती, काळ्या मातीला हात आत जाईल एवढ्या भेगा, आणि वारा सुटला की सगळा फुफाटा गावात. घराघरांत नवं धान्य आलेलं, आणि आसपासच्या वस्त्यांना मिळून गिरणी ही एकच. हाताखाली माणूस ठेवावा तर पिठाच्या धुळीत कुणी टिकत नसे, खोकत खोकत घरी जाई. पहाटे पट्टा चढायचा तो दिवेलागणीलाच उतरायचा.

"अहो, आठवड्यातनं एक दिवस बंद ठेवा," बायको त्या संध्याकाळी म्हणाली. आम्ही शेजारी, आमची भिंत सामाईक, त्यामुळे त्यांचं बोलणं आम्हाला न ऐकून चालत नाही. "आज बाही गेली."

"बंद ठेवीन. पण लोक घरी येतील त्याचं काय?"

"येऊ देत. सांगीन, झोपलेत म्हणून."

"सांगून बघ."

तिनं सांगून बघितलं. गिरणीला कुलूप दिसल्यावर लोक घरी आले आणि ओट्यावर डबे मांडून बसले.

"झोपलाय? दिवसाढवळ्या?"

"हो."

"आजारी आहे का?"

"आजारी नाहीत."

"मग?"

ऊन ओट्यावर यायच्या आत तो किल्ली घेऊन बाहेर आला.

पण बाई डोक्यानं चांगली. गिरणीचा दगड झिजला की पीठ जाड येतं. मग गिरणी बंद ठेवून दगड काढायचा आणि छिन्नी-हातोड्यानं त्याला टाकी लावायची, म्हणजे नव्या खाचा पाडायच्या. त्या दिवशी गावात कुणी कुरकुर करत नसे. टकटक ऐकू आली की लोक वाटेतूनच डबा घेऊन माघारी फिरत. दगडाला सुट्टी लागते हे आम्हा सगळ्यांना मान्य होतं.

परसात एक जुना, बाद झालेला दगड पडला होता. पुढच्या आठवड्यात तिनं तो ओढत झाडाखाली आणला.

"तुम्ही आत झोपा. टकटक मी करते."

किती तरी दिवसांनी तो हसला. "अगं, टाकी लावणं म्हणजे काय कपडे धुणं आहे?"

"गावाला कुठं कळतंय?"

आणि खरंच कळलं नाही. लोक कोपऱ्यापर्यंत येत, कान देत आणि परत जात. भिंतीपलीकडून टकटक येत होती आणि मधूनच त्याचं घोरणं. ऐकून बरं वाटलं मला. ऊन वर चढलं. तिच्या तळहाताला फोड आले, तिनं हात बदलला, पण थांबली नाही.

मग तिची मोठी जाऊ आली, हातगाड्यावर घरचं जातं घेऊन. "भाऊजी टाकी लावतायत ना? म्हटलं, हातासरशी आमचंही करून देतील." तिच्या मागनं म्हातारी आली, सुनेच्या डोक्यावर जातं देऊन. मग आणखी दोघी-तिघी. परसात जात्यांची रांग लागली.

"झोपलेत ते," बायको म्हणाली.

जावेनं तिच्या हातातल्या हातोड्याकडे बघितलं. "मग टकटक कोण करतंय?"

तिनं हातोडा खाली ठेवला. जाऊ तशी मायाळू. आवाज खाली आणून म्हणाली, "झोपू दे गं बिचाऱ्याला. दमलाय. घाई नाही आम्हाला, संध्याकाळपर्यंत चालेल."

टकटक थांबली तसा तो जागा झाला. दारात येऊन त्यानं जाती बघितली, बायका बघितल्या, आणि बायकोसमोर बसून हात पुढे केला.

"दे."

"तुम्ही आत जा."

"आत जाऊन काय करू? आवाज थांबला की झोप उडते माझी." मग जुन्या दगडावर बोट फिरवून म्हणाला, "सगळी वाकडी मारलीस."

दिवे लागेपर्यंत तो टाकी लावत बसला. दुसऱ्या दिवशी पहाटे पट्टा चढला.

त्यानंतर ती सुट्टीचं बोलली नाही. ट्रंकेतून त्याचे सगळे शर्ट काढले, लग्नातलासुद्धा, आणि ओट्यावर बसून एकेकाच्या बाह्या खांद्यापासून कापून टाकल्या. काठ दुमडून शिवले. आता थंडीवाऱ्यातही तो उघड्या दंडांनी उभा असतो. लोक चेष्टा करतात, गिरणीवाला पैलवान व्हायला निघालाय म्हणून. तोही हसतो.

ती पट्ट्याजवळ पाट टाकून बसते. दिवसभर. त्याची मान जरा खाली गेली की गिरणीच्या घरघरीवर आवाज चढवून हाक मारते.

"अहो."

"काय?"

"काही नाही."