नऊ पावलांची साक्ष

मी एक जुनी कुबडी आहे. मित्रांनो, देवमाउलीच्या, म्हणजे येशूच्या आईच्या, त्या जुन्या चर्चमध्ये तुम्ही मला पाहिलंही असेल. वेदीच्या डाव्या भिंतीवर तारेनं बांधलेली ती मीच.

एका सुतारानं मला आपल्या लेकीसाठी बनवलं. लेक वाढली की तो माझ्या पायाला लाकडाचा जोड देई. काखेतली गादी तिच्याच जुन्या फ्रॉकची होती. सहा वर्षं मी तिला शाळेत नेलं, आणलं. रागावली की ती मला कोपऱ्यात भिरकावून द्यायची आणि मग मलाच शोधत बसायची. ते दिवस फार सुखाचे होते.

पोर चालू लागली तर कुबडी वाहीन, असा तिच्या आईनं देवमाउलीला नवस केला होता. एका रविवारी चर्च यात्रेकरूंनी भरलेलं असताना आईनं मला काढून घेतलं, आणि पोर वेदीकडे नऊ पावलं चालली! लोक रडले, टाळ्या वाजल्या. तिथल्या तिथे मला भिंतीवर चढवलं. थोड्याच वेळात ती बाहेरच्या पायऱ्यांवर पडली.

"आई, माझी कुबडी दे ना!"

"वाहिलेलं परत मागतात का गं?" आई म्हणाली. शेवटी बापानं तिला पाठीवर घेतलं.

तेव्हापासून मी चमत्काराची साक्ष झाले. लोक लांबून येतात, आजारी माणसांना माझ्याखाली आणून उभं करतात. ते कौतुक ऐकून माझा जीव नुसता जळतो.

वर्षभरानं सुतार एकटाच आला. बाकावर चढून त्यानं माझ्यावर हात ठेवला.

"दुसरी करू देत नाही गं तिची आई," तो पुटपुटला. "म्हणते, मग विश्वास कसला? पोरगी भिंत धरधरून चालते. शाळाही सुटली."

मग तो तार सोडवू लागला. झाडलोट करणारे काका धावत आले.

"अहो, उतरा खाली! त्या पोरीला आता कशाला हवी ती?"

सुतार काही बोलणार, तोच खालून एका बाईनं विचारलं, "तुम्ही ओळखता तिला? खरंच चालली ती?" तिच्याजवळ तिचा लहान मुलगा कुबडीवर उभा होता. तिच्या डोळ्यांतली आशा बघून सुताराचा धीरच खचला.

"चालली," तो म्हणाला, आणि मान खाली घालून निघून गेला.

बाईनं मुलाच्या काखेतली कुबडी काढून घेतली. ती आता माझ्या शेजारी आहे. आम्ही एकूण अकरा जणी झालोय.

मित्रांनो, श्रद्धा जरूर ठेवा. पण आमच्यापैकी एखादी परत मागायला कुणी आलं, तर त्याला 'कशाला' असं विचारू नका. देऊन टाका.