तेहेतीस यार्डांवरून फ्री किक

शनिवार, २२ ऑक्टोबर २००५. दुपारचे तीन वाजून एकेचाळीस मिनिटे. मैदानाच्या घड्याळात चार सेकंद शिल्लक होते. गुणफलकावर यजमान एकवीस, पाहुणे वीस. मैदानावर पंच पाच, आणि त्या क्षणी लागू होणारा नियम ठाऊक असलेला पंच एक.

तो एक म्हणजे भानुदास गजभिये. वय अठ्ठावन्न. नागपूरच्या तंत्रनिकेतनातून यंत्र अभियांत्रिकीची पदविका, आणि अमेरिकेत कोलंबस शहराजवळच्या एका कारखान्यात ट्रकच्या अ‍ॅक्सलची तपासणी करण्यात गेलेली बावीस वर्षे. अमेरिकन फुटबॉल ते स्वतः कधी खेळले नव्हते. पण त्याची नियमपुस्तिका त्यांनी कारखान्यातले मोजमापांचे मानक वाचावे तशी वाचली होती. कलमामागून कलम, नियमाखाली निळी रेघ, अपवादाखाली लाल. लहान मुलांच्या सामन्यांपासून शाळांच्या मुख्य संघांच्या सामन्यांपर्यंत पोहोचायला त्यांना नऊ वर्षे लागली होती. आणि ती जागा कायमची नव्हती. मुख्य पंच आपला चमू दरवर्षी स्वतः निवडतो. त्याने नाव गाळले, की पुन्हा आठ वर्षांच्या मुलांच्या बुटांचे बंद बांधण्यापासून सुरुवात.

त्यांच्या चमूचा मुख्य पंच होता वेंडेल क्रेमर. एकवीस वर्षे मुख्य पंचाची पांढरी टोपी घालणारा, उंचापुरा, बोलका माणूस. भानुदास हे नाव त्याला फार लांब वाटे, म्हणून पहिल्याच दिवशी त्याने त्यांचे 'बॉब' करून टाकले होते.

कोलंबसच्या डब्लिन या उपनगरापलीकडे असलेल्या त्या लहान शाळेच्या मैदानावर दिवे नव्हते, म्हणून सामना शनिवारी दुपारी ठेवलेला होता. जिंकणारा संघ बाद फेरीत जाणार होता. शेवटच्या काही सेकंदांत यजमानांनी आपल्या गोलजवळून चेंडू लाथेने दूर उडवला. तो वाकडा गेला, उंच गेला, आणि पाहुण्यांच्या एका खेळाडूने डोक्यावर हात हलवत तो यजमानांच्या तेहेतीस यार्डांच्या रेषेवर अलगद झेलला. ही हात हलवण्याची खूण म्हणजे 'फेअर कॅच': मी पळणार नाही, तुम्ही मला पाडायचे नाही. मागचा पंच या नात्याने भानुदास यांनी शिट्टी वाजवली आणि जागा धरून ठेवली.

इथवर सगळ्यांना ठाऊक असते. पुढचे फार थोड्यांना ठाऊक असते. असा झेल घेणाऱ्या संघाला एक हक्क मिळतो, फ्री किकचा. त्याच जागी चेंडू ठेवून, धावत येऊन, सरळ गोलखांबांकडे लाथ मारायची. प्रतिस्पर्ध्यांनी दहा यार्ड दूर उभे राहायचे, अंगावर धावून यायचे नाही. चेंडू खांबांमधून गेला, की तीन गुण.

पाहुण्यांचे प्रशिक्षक शाळेत गणित शिकवत. त्यांना हे ठाऊक होते. नियम चुकीचा लावला जात असेल, तर आपला टाइमआउट, म्हणजे खेळ थांबवण्याची मोजकी संधी, पणाला लावून प्रशिक्षक मुख्य पंचाशी चर्चा मागू शकतो. तसा तो त्यांनी मागितला.

"फ्री किक हवी आहे," ते म्हणाले.

वेंडेल हसला. "हे रग्बी नाही, कोच. असली किक या खेळात नाही. टाइमआउट गेला तुमचा."

भानुदास दहा यार्डांवरून हे ऐकत होते. ते सरळ चालत आले.

"वेंडेल, मला बोलायचं आहे."

"नंतर, बॉब."

"आत्ता."

प्रशिक्षकासमोर मुख्य पंचाला खोटे पाडायचे नाही, हा चमूचा अलिखित कायदा. म्हणून भानुदास यांनी त्याला बाजूला घेतले.

"सहाव्या नियमाचं पाचवं कलम," ते म्हणाले, "आणि आठव्याचं चौथं. एकात किकचा हक्क आहे, दुसऱ्यात तिचे तीन गुण."

"एकवीस वर्षांत मी असली किक एकदाही पाहिली नाही. असं कुणी करत नाही."

"कुणी करत नाही, हा नियम नव्हे. तू चार वर्षं कॉलेजचे सामने करतोयस. कॉलेजच्या पुस्तकात हे कलम नाही. शाळेच्या पुस्तकात आहे. हा सामना शाळेचा आहे."

"हे बघ, इथे असंच चालत आलंय."

भानुदास यांची कानशिले तापली. हे वाक्य त्यांनी इंग्रजीत प्रथमच ऐकले असेल; मराठीत त्यांचा आणि या वाक्याचा परिचय जुना होता. १९६५ साली वसतिगृहाच्या खाणावळीत भिंतीवर छापील नियम टांगलेले होते. अकरावे कलम: सर्व विद्यार्थ्यांसाठी एकच पंगत. त्या कलमाच्या बरोबर खाली, दाराजवळ, त्यांच्यासाठी आणि आणखी दोघांसाठी वेगळे पाट मांडलेले असत. त्यांनी विचारले तेव्हा व्यवस्थापक भिंतीकडे न पाहताच म्हणाला होता, "असंच चालत आलंय, पोरा." सतरा वर्षांच्या भानुदासांनी ते कलम सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात वाचले होते आणि न जेवता उठले होते.

आता वेंडेलची नजर पाहुण्यांच्या बाजूला गेली. तिथे सत्तेचाळीस क्रमांकाचा एक सावळा, किडकिडीत मुलगा जाळ्यात चेंडू मारून पाय मोकळा करत होता.

"हां, आत्ता कळलं," वेंडेल म्हणाला. "तो किकर. अनीश की काय नाव आहे ना त्याचं? तुमच्यातलाच दिसतो. आपल्या माणसासाठी चाललंय तर हे."

भानुदास यांना त्या मुलाचा फक्त क्रमांक ठाऊक होता. त्यांच्या मनात संताप उसळला. पण आवाज त्यांनी वर जाऊ दिला नाही. आवाज चढवलेल्या माणसाचे म्हणणे कुणी लिहून घेत नाही, हे ते कारखान्यात शिकले होते.

"नाही म्हण," ते म्हणाले. "तो तुझा अधिकार आहे. पण मग अहवालात मी लिहीन. तीन वाजून त्रेचाळीस मिनिटांनी मागच्या पंचानं मुख्य पंचाला दोन्ही कलमं सांगितली. मुख्य पंचानं नाकारली. कारण म्हणून किकरच्या वंशाचा उल्लेख केला. खाली माझी सही. सोमवारी राज्याच्या शालेय क्रीडा कार्यालयात."

वेंडेलचे च्युइंग गम चघळणे थांबले. "तू हे करशील?"

"मी प्रत्येक सामन्याचा अहवाल लिहितो. तू आजवर एकही वाचला नाहीस, एवढंच."

 वेंडेलने शिट्टी वाजवली आणि फ्री किकची खूण केली. जाता जाता तो म्हणाला, "मारू दे. पण पुढच्या वर्षीचा चमू मीच निवडणार आहे, हे विसरू नकोस."

"विसरणार नाही. तेही लिहून ठेवतो."

यजमानांच्या बाजूने एकच गलका उठला. "हा कुठला खेळ चाललाय?" "पंचांना घरी पाठवा!" कुणीतरी बर्फाने भरलेला कागदी पेला भानुदास यांच्या पायाशी फेकला. त्यांनी तो लाथेने रेषेबाहेर ढकलला, यजमानांना दहा यार्ड मागे उभे केले, आणि जाऊन गोलखांबाखाली उभे राहिले.

अनीश धावत आला. लाथ स्वच्छ बसली. चेंडू सरळ आला, अगदी मधोमध आला, आणि त्रेचाळीस यार्डांच्या शेवटी आडव्या दांड्याच्या दोन हात खालून निघून गेला. भानुदास यांनी दोन्ही हात आडवे फिरवून गोल नसल्याची खूण केली. चेंडूला कुणी स्पर्श न केल्यामुळे घड्याळ हललेच नव्हते. यजमानांनी वीस यार्डांवरून एकदा चेंडू घेऊन वेळ काढण्यासाठी गुडघा टेकला, तेव्हा चार सेकंद संपले. एकवीस–वीस.

"झालं समाधान?" मैदानातून बाहेर पडताना वेंडेलने विचारले. "एवढा तमाशा केलास. काय फरक पडला?"

"नियम गोल व्हावा म्हणून नसतो. किक मारायला मिळावी म्हणून असतो," भानुदास म्हणाले. वेंडेल तोवर पुढे निघून गेला होता.

पार्किंगमध्ये ते गाडीच्या डिकीत बूट ठेवत असताना मागून हाक आली.

"काका! काका, एक मिनिट!"

पंचेचाळिशीचा एक गृहस्थ धापा टाकत आला. मागे सत्तेचाळीस क्रमांकाचा मुलगा मान खाली घालून उभा होता.

"मी प्रल्हाद. अनीशचा बाबा. आम्ही पुण्याचे, डब्लिनला सहा वर्षं झाली. अनाउन्सरनं सुरुवातीला तुमचं नाव घेतलं ना, तेव्हाच मी बायकोला म्हटलं, हे आपल्याकडचे! यार, काय फाइट केलीत तुम्ही त्याच्याशी! मराठी मंडळात कधी दिसला नाहीत ते?"

"तुम्ही कधी बोलावलं नाहीत."

प्रल्हाद किंचित ओशाळला. पण लगेच सावरून म्हणाला, "ते राहू द्या हो. आज तुम्ही आपल्या माणसासाठी उभे राहिलात. किती जण करतात हे?"

भानुदास यांनी डिकी धाडकन बंद केली.

"कोण आपला माणूस?"

"म्हणजे... आपला मराठी मुलगा, काका."

"तो मराठी आहे हे मला ठाऊक नव्हतं. तो झेल यजमानांनी घेतला असता, तर मी त्यांच्यासाठी हेच बोललो असतो, आणि ती किक तुमच्या मुलाच्या संघाविरुद्ध गेली असती. तेव्हा आला असतात आभार मानायला?"

"काका, तुम्ही उगीच चिडलात. मी चांगल्या मनानं..."

"त्या वेंडेलनं अर्ध्या तासापूर्वी मला हेच सांगितलं. हेच शब्द. त्यानं शिवी म्हणून दिले, तुम्ही हार म्हणून घालताय. माझ्या हातात पुस्तक होतं, हे तुमच्यापैकी एकालाही दिसलं नाही!"

 अनीशने बापाची बाही ओढली. "बाबा, लेट्स गो." मग तो भानुदास यांच्याकडे वळला. "सर, किती शॉर्ट होती?"

"दोन हात."

"ओके," तो म्हणाला, आणि दोघे गेले.

सोमवारी भानुदास यांनी नऊ ओळींचा अहवाल टपालात टाकला. त्याला उत्तर आले नाही. पुढच्या ऑगस्टमध्ये हंगामापूर्वीच्या सभेत वेंडेलने फळ्यावर तेहेतीस यार्डांची रेषा काढली, दोन्ही कलमे लिहिली, आणि अनुभवी पंचही हा नियम विसरतात असे सर्वांना बजावले. सभागृहातल्या पंचांनी ते वहीत उतरवून घेतले. मागच्या रांगेत बसलेल्या भानुदास यांनी वही उघडली नाही. दातावर दात घट्ट रोवून ते सभा संपेपर्यंत बसून राहिले.

सभेनंतर दाराजवळ २००६च्या हंगामाची यादी लावलेली होती. वेंडेल क्रेमरचा चमू: दहा सामने. भानुदास गजभिये, मुख्य संघांचे सामने: शून्य.