चिंतलबावीच्या खिडकीवर न काढलेलं तिकीट

मी पासाचं पाकीट बोलतोय. रेल्वेचा महिन्याचा पास ठेवतात ना, तेच. अंग मरून रंगाच्या रेक्झिनचं, पोटाला एक पारदर्शक खिडकी आणि पाठीवर सोनेरी अक्षरं : 'अनंत स्टेशनर्स, कोठी, हैदराबाद'. सोनेरी रंग आता निम्मा उडालाय. बरंच झालं. ज्या कामासाठी मला बनवलं त्याची मला लाज वाटते, आणि नाव पुसट असलं की बोलायला जरा सोपं जातं.

माझा जन्म अंबरपेठेतल्या दोन खोल्यांच्या एका कारखान्यात झाला. एका दुपारी आम्ही पन्नास भावंडं शिवून तयार झालो. मालक, म्हणजे अनंतशेट, स्वतः घ्यायला आले. एकेकाची शिवण नखाने ओढून पाहिली आणि कारागिराला हसत म्हणाले, "एक टाका सुटला तर पन्नासच्या पन्नास परत आणीन हं, आणि वर चहाही पिऊन जाईन."

शाळा त्यांची सातवीत सुटली. पण कागदाचा गठ्ठा हातावर तोलून पानं सांगणारा माणूस. गिऱ्हाइकाच्या चपला बघून त्याला कितीचं पेन दाखवायचं ते ठरवायचे, आणि अंदाज चुकला तर चहा पाजून दुरुस्त करायचे. दिवाळीला बाकीचे दुकानदार कॅलेंडरं वाटायचे. शेट म्हणायचे, "कॅलेंडर भिंतीवर लटकतं. भिंत कधी दुकानात येते का? माझं नाव माणसाच्या खिशात पाहिजे." म्हणून मी.

शेट राहायला चिंतलबावीला. शहराबाहेर, स्वस्तात प्लॉट मिळाला तेव्हा घर बांधलेलं. तिथे स्टेशन नव्हतं, नुसता हॉल्ट. सिमेंटचे दोन बाक, एक नळ आणि कपाटाएवढी खोली. त्या खोलीच्या खिडकीत पद्मावती बसायची. ती रेल्वेची नोकर नव्हती. मोठ्या स्टेशनातून तिकिटं आणायची, इथे विकायची, वर तिला थोडं कमिशन मिळायचं. सकाळची सव्वाआठची पॅसेंजर इथे एक मिनिट थांबायची आणि नऊच्या आत काचीगुडा स्टेशनावर सोडायची. तिथून कोठी चालत पंधरा मिनिटं.

याच गाडीने सरुबाई यायच्या. मूळच्या परभणीकडच्या. कोठीतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात रोग्यांच्या डोळ्यांत थेंब घालायचं काम त्यांचं. डॉक्टर दहाला येणार. त्याआधी तासभर थेंब पडले पाहिजेत, तेव्हा कुठे बाहुली मोठी होते आणि डॉक्टरांना आत बघता येतं. सरुबाईंना उशीर झाला की वीस माणसांची रांग तशीच बसून. पण त्यांना उशीर होत नसे. डब्यात लोक चिडवायचे, "मावशी, डॉक्टर डोळे बघतो ते तुमच्या मेहेरबानीनं."

"मग?" त्या म्हणायच्या. "मी थेंब घातल्याबिगर त्याला काय दिसतंय!"

आता माझ्या लाजेची गोष्ट.

पद्मावतीच्या खिडकीवर रोजचं तिकीट मिळायचं, पास मिळत नसे. पास स्वस्त पडतो, पण त्यासाठी काचीगुड्याच्या रांगेत उभं राहायचं कोण? शेटनी लगेच संधी ताडली. डब्यात उभे राहून म्हणाले, "ओळखपत्राचा नंबर आणि पैसे माझ्याकडे द्या. महिनाअखेरीला सगळ्यांचे पास मी आणतो. पाकीट माझ्याकडून फुकट!"

लोक खूश. पहिल्या महिन्यात बारा जण, तिसऱ्या महिन्यात तेहेतीस. तेहेतीस खिशांत 'अनंत स्टेशनर्स'. वह्यांची विक्री दीडपट झाली. शेटच्या खिशात मी बसलेलो, आणि खोटं कशाला बोलू, मला तेव्हा फार ऐट होती.

पद्मावतीने एकदा खिडकीतून हाक मारली. "अनंतअन्ना, सब लोगां उधर से पास लिए तो मेरी खिडकी पे कौन आता? मक्खी?"

शेटना वाटलं तिला कमिशनची चिंता. एक जाड डायरी आणि चार पेनं खिडकीतून आत सरकवून म्हणाले, "पद्मावतम्मा, फिकर नक्को." तिने डायरी घेतली. हसली मात्र नाही.

शेटचे एक मित्र होते, गिरीश वकील. शहरातलं जुनं घराणं, आजोबा-पणजोबा सरकारी हुद्द्यांवर. दोघं सातवीपर्यंत एका बाकावर. वकीलसाहेब मोटारीतून यायचे, ती दुकानासमोरच लावायचे, आणि मग चहाबरोबर वाद.

एकदा नांदेडच्या लग्नाचं परतीचं तिकीट शेटनी माझ्यात ठेवलं होतं. वकीलसाहेबांनी ते ओढून काढलं. "हे वाच, अनंता. रेल्वेच लिहून देते, तुझ्या भाड्याचा शेकडा त्रेचाळीस हिस्सा देशातली सामान्य माणसं उचलतात. म्हणजे मी. तुला लाज नाही वाटत?"

"अरे, तुझी मोटार उभी आहे ती जागा केवढी? बारा बाय सहा. कोठीत एवढ्या जागेचं भाडं किती ते मला विचार, मी दर महिन्याला भरतो. तुझी मोटार फुकट उभी. उड्डाणपुलावर कधी तिकीट काढलंस? छोट्या गावांना विमानं जातात, त्यांतल्या सीटांमागे सरकार पैसे घालतं. त्या तिकिटावर छापतात का, की बाबा रे, तुझा भार सरुबाई उचलतेय? लाज काढायची ती फक्त आमच्याच तिकिटावर."

वकीलसाहेब हसून लोटपोट. पण मग म्हणाले, "सगळं कबूल. रस्त्याला द्यायचं आणि रुळाला नाही, हा न्याय नव्हे. पण एक सांग, रिकामी गाडी सरकारने का पोसावी? चार माणसांसाठी का थांबवावी?"

"रिकामी? हौला की काय तू, अगदीच खुळा! ये एकदा सव्वाआठला. पाय ठेवायला जागा मिळाली तर चहा माझ्याकडून."

"मला दाखवून काय उपयोग? कागदावर दिसली पाहिजे ना भरलेली."

शेटनी ते हसण्यावारी नेलं. मीही.

गेल्या वर्षी हॉल्टच्या भिंतीवर नोटीस लागली : उत्पन्न कमी असल्यामुळे चिंतलबावीचा थांबा बंद करण्याचा विचार आहे. डब्यात गलका उठला. सरुबाईंचा चेहरा मात्र उतरला. रिक्षा आणि दोन बस बदलून जायचं म्हटलं तर नऊला पोचणं अशक्य, आणि दवाखान्यात आधीच सांगून ठेवलेलं होतं, थेंबांना उशीर चालणार नाही.

"भाऊ, तुमी बोलनारं मानूस. तुमीच जा," त्या शेटना म्हणाल्या.

शेट गेले. सोबत मैत्रीखातर वकीलसाहेब. रेल्वेच्या कचेरीतले साहेब सज्जन होते, खुर्ची दिली, बोलू दिलं. शेटनी मोटारीची जागा, उड्डाणपूल, विमान, सगळं ऐकवलं. साहेबांनी मान डोलावली. "आपकी बात में दम है. लेकिन आपके यहाँ चढता कौन है?" त्यांनी रजिस्टर फिरवलं. चिंतलबावी : रोजची सरासरी तीन तिकिटं.

शेटनी मला खिशातून काढून टेबलावर आपटलं. "तीन? साहेब, तेहेतीस पास आहेत आमचे! एकही माणूस फुकट्या नाही!"

साहेबांनी माझ्या खिडकीतून पास वाचला. "ये तो काचीगुडा से निकला है. इसका पैसा काचीगुडा के खाते में गया. चिंतलबावी के खाते में कुछ नहीं."

मी टेबलावर उताणा पडलेलो. पाठीवरचं सोनेरी नाव खाली दडलेलं. तेहेतीस माणसांनी दर महिन्याला पै न पै भरली, आणि त्यांचा हॉल्ट कागदावर ओसाड राहिला. ओसाड आम्ही केला. शेटच्या युक्तीने, आणि ज्याच्या लालचीने लोक आले त्या फुकटच्या पाकिटाने.

साहेबांनी एक वाट दिली. महिनाभर हॉल्टच्या खिडकीवर रोजची तीस तिकिटं खपलेली दाखवा, मग मी वरच्या साहेबांना लिहितो, म्हणाले.

जिना उतरताना वकीलसाहेब म्हणाले, "सोपं आहे. उद्या डब्यात खरं सांग. माझ्या डोकेबाजीने झालं, एक महिना सगळ्यांनी पास न काढता खिडकीवर तिकीट घ्या. लोक चार शिव्या देतील आणि घेतील."

"सांगतो," शेट म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळा डबा वाट बघत होता. सरुबाईंनीच विचारलं, "काय म्हनले वो साहेब?"

मी खिशात होतो. शेटचं काळीज माझ्या पाठीवर थडथड आपटत होतं. ते म्हणाले, "काय म्हणणार? गरिबाची गाडी डोळ्यांत खुपते त्यांच्या. विमानाला द्यायला पैसे आहेत, आपल्याला नाहीत."

"बरोबर, बरोबर!" डबा पेटला.

"आणि... या महिन्यात पास नको. सगळ्यांनी खिडकीवर रोजचं तिकीट घ्या."

बँकेत काम करणारा कुलदीप म्हणाला, "पास निम्म्यात पडतो शेटजी. तिकीट कशाला?"

"असंच. बरं दिसतं."

आयुष्यभर चार आण्याची पेन्सिलसुद्धा कारण सांगितल्याशिवाय न विकलेला माणूस. आणि हे विकायच्या दिवशी कारण गिळून बसला. लोकांनी दोन-तीन दिवस तिकिटं घेतली. मग कुलदीपने मोबाईलवर काचीगुड्याचा पास काढायचा कसा ते शोधलं आणि सगळ्यांना शिकवलं. शेट बघत राहिले. रोज सकाळी ठरवायचे, आज सांगतो. काचीगुडा यायचं. उद्या सांगतो.

महिनाभर रोज खिडकीवर उभ्या राहिल्या सरुबाई. जाता-येताचं तिकीट, दुप्पट पैसे. शेट स्वतः घ्यायचे, आणखी चार-पाच जण. महिनाअखेर साहेबांच्या कागदावर सरासरी दहाच्याही आत लागली.

थांबा गेला. सव्वाआठची गाडी आता चिंतलबावीवरून शिट्टी मारत निघून जाते. पद्मावतीच्या खिडकीला फळ्या मारल्या. लोक अजून सरकारला शिव्या देतात, आणि बरेच दिवस शेटही त्यांच्या सुरात सूर मिळवत होते. त्या शिव्यांतल्या काही खऱ्याही आहेत. ज्यांच्या खात्यात सगळे पैसे येतात त्यांनी एकदा फलाटावर येऊन डोकी मोजली असती तर? पण आपली चूक पदराखाली झाकून दुसऱ्याची ओरडून सांगायची, हे मी पाकीट असूनही मला सोसवत नव्हतं.

दोन महिन्यांत शेटनी जुनी मोटार घेतली. मी मोटारीच्या खणात आलो. माझ्या खिडकीत आता प्रदूषणाचं सर्टिफिकेट आहे. उड्डाणपुलावरून फुकट जातो, कोठीत दुकानासमोर फुकट उभे राहतो. वकीलसाहेबांनी पहिल्या दिवशी ती जागा पावलांनी मोजली : बारा बाय सहा. तेच जास्त लागलं.

वाटेवर एक बसथांबा लागतो. सरुबाई तिथे दुसरी बस धरतात. शेट तिथे आले की आरशात बघायचे, गाणं लावायचे, काच वर करायचे. मी खणातून ऐकायचो.

तीन महिन्यांपूर्वी नेमका तिथेच सिग्नल लागला. सरुबाई काचेशी. आता तोंड कुठे फिरवणार?

शेटनी काच खाली केली. "सरुबाई, या, बसा. कोठीपर्यंत सोडतो."

"रोज सोडनार का, भाऊ?" त्या हसूनच म्हणाल्या.

शेटनी सिग्नलकडे पाहिलं.

"मग ऱ्हाऊ द्या. आज बसले की उद्या बस नकोशी वाटंल. आन् आता घाई कशाची? थेंबाला दुसरी ठेवली त्यांनी. मी फरशीला हाय आता."

शेटनी इंजिन बंद केलं. आणि मग जे डब्यात तीस सकाळी निघालं नाही, ते त्या लाल दिव्याखाली निघालं. पास, काचीगुडा, रजिस्टर, साहेबांनी दिलेला महिना. मागचे हॉर्न वाजवत होते.

सरुबाईंनी पूर्ण ऐकलं. "हे त्या दिवशी का न्हाई सांगितलं?"

"लाज वाटली."

"मी महिनाभर दुप्पट पैसे भरले, भाऊ. का, ते ठावं न्हवतं. तुमी म्हनला म्हनून." त्यांचा आवाज चढला नाही. "ठावं असतं, तर त्या कुलदीपला कानाला धरून खिडकीवर आनला असता. सगळ्यांला आनलं असतं. तुमाला लाज वाटली, आन् आमचा थांबा गेला व्हय?"

बस आली. त्या चढल्या. सिग्नल हिरवा झाला तरी शेट हलले नाहीत.

आता रविवारी दुकान बंद असलं की शेट मला घेऊन एकेका घरी जातात आणि सगळं सांगतात. आतापर्यंत अकरा घरं झाली. कोणी चहा दिला, कोणी दार लावून घेतलं. कुलदीप म्हणाला, "शेटजी, एक शब्द बोलला असता." वकीलसाहेबांनी नवा अर्ज लिहिलाय. पण रेल्वेच्या साहेबांचं म्हणणं, जिथे गाडीच थांबत नाही तिथे तिकिटं खपलेली दाखवणार कशी? 

वाचकहो, मी रेक्झिनचा तुकडा, मी काय सांगणार? पण रुळावरच्या गाडीला सरकारने आधार द्यावा की नाही, असा वाद तुमच्यासमोर निघाला, तर रस्त्याला आणि विमानाला दिलेलाही त्याच पाटीवर मांडा, म्हणावं. कागद बघा, आणि एकदा सकाळी सव्वाआठला फलाटही बघा. आणि तुमच्या गावाला अजून खिडकी असेल, तर जिथे चढता तिथेच तिकीट काढा. चुकलं असेल तर वेळ आहे तोवर सांगून टाका. चार शिव्या बसतील, बसू द्या.

येत्या रविवारी बारावं घर आहे.